पदराचं गार्ड

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्यांत भरमाला सगळे ‘सूतभर भरमा’ म्हणायचे. तो लाकडाचे पॅटर्न करायचा. पॅटर्न वाळूत दाबून काढला की वाळूत त्याची पोकळी राहते, त्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतलं की झाली वस्तू. पण बीड थंड होताना आटतं, म्हणून लाकूड फुटामागं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठं धरावं लागतं. ही सूतभराची अक्कल भरमाच्या हातात इतकी मुरली होती, की घरी जेवायचा पाट केला तरी तो सूतभर मोठा व्हायचा. कामात असा चोख माणूस, आणि संसारात मात्र निव्वळ खुळा. सात वर्षं त्याची बायको रुक्मा माहेरी निपाणीला होती, आणि सात वर्षांत त्याला एकदा जाऊन तिला आणायचं जमलं नव्हतं.

भांडण म्हणाल तर फार मोठं नव्हतं. आणीबाणीच्या वर्षी सांबऱ्याच्या माळावर पोरं फटफट्यांच्या शर्यती लावायची. रस्ता असा नव्हताच. तांबडी माती, बांध, चर, ओढ्याचा उतार, आणि त्यावरून जो पडला नाही तो जिंकला. भरमा त्यातला बहाद्दर. लग्नात घेतलेल्या जावा फटफटीचा दिवा, मडगार्ड, मागची सीट सगळं त्यानं काढून टाकलं होतं, गाडी हलकी व्हावी म्हणून. एका रविवारी ती हलकी गाडी चरावरून उडाली आणि भरमाच्या उजव्या पायावर बसली. पाच महिने तो खाटेवर. रुक्मानं त्याचं सगळं केलं, हूं की चूं केलं नाही. तो काठी धरून उभा राहिला त्या आठवड्यात ती सहा वर्षांच्या मनूला घेऊन भावाच्या लग्नाला निपाणीला निघाली, आणि दारातून म्हणाली, “आठ दिसांनी न्यायला या. पण त्याआदी ती अवदसा भंगारात घाला. ती दारात असंल तर म्या उंबऱ्यात पाय ठेवणार न्हाय.”

भरमानं गाडी भंगारात घातली नाही. भंगारवाला दोनदा आला, दोन्ही वेळा भरमानं त्याला चहा पाजून वाटेला लावला. गाडी गोठ्यात नेऊन पोत्यांखाली झाकली आणि स्वतःशी म्हणाला, राग निवळला की येईल आपणहून.

आता आपल्याकडं रीत अशी, की माहेरी गेलेली बाई आपल्या पायानं परत येत नाही. सासरचं कुणीतरी न्यायला यावं लागतं. आपणहून आली तर लोक म्हणणार, भावाला जड झाली म्हणून हाकलली. भरमाचे आईबाप कधीच गेले होते. सासरचं माणूस म्हणजे तो एकटाच. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण आधी पायाचं निमित्त झालं, मग गाडी तशीच आहे तर कोणत्या तोंडानं जायचं हे झालं, आणि मग इतके महिने गेलो नाही तर आता कसं जायचं, हे झालं. पडलं तरी नाक वर, दुसरं काय! तिकडं रुक्माही काही कमी नव्हती. तिनं एक निरोप म्हणून पाठवला नाही. ती तंबाखूच्या वखारीत कामाला लागली आणि वाट बघत राहिली. दोघं एकमेकांची वाट बघत होते आणि मधला पंचेचाळीस मैलांचा रस्ता रिकामा पडला होता.

पहिल्या चार वर्षांत भरमानं पोरीला दोनदा पाहिलं, तेही नात्यातल्या लग्नात, पुरुषांच्या पंगतीतून. ऐंशी सालच्या दिवाळीत मात्र रुक्माच्या भावाला, सत्याप्पाला, काय वाटलं कोण जाणे. अकरा वर्षांच्या मनूला घेऊन तो बेळगावच्या स्टँडवर उतरला आणि भरमाला म्हणाला, “दाजी, तुमचं तुमी बघा. पोरीला बापाचं तोंड तरी दिसू दे. भाऊबीजेला न्यायला येतो.”

घरी आल्यावर पहिला दिवस दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचेना. भरमानं चार वेळा विचारलं, जेवलीस का. दुसऱ्या दिवशी मनू गोठ्यात गेली आणि तिनं पोती उचलली. सीटच्या सांगाड्यात कोंबडीनं अंडी घातली होती.

“आप्पा, ही तीच व्हय?”

“तीच.”

“चालू हुईल?”

भरमानं गाडीकडं बघितलं. टाकी गंजून लाल झाली होती, तारा निखळल्या होत्या, एका चाकाला टायरच नव्हता. खरं सांगायचं तर होणार नाही असंच सांगायला हवं होतं. पण चार वर्षांनी पोरगी त्याच्याकडं बघून काहीतरी मागत होती. तो म्हणाला, “लोखंडच हाय. मनावर घिटलं तर हुईल की.”

तिथून ते काम सुरू झालं. दिवाळीची सुट्टी आणि मे महिना, वर्षातून दोनदा मनू यायची आणि बापलेक गोठ्यात शिरायचे. टाकीत बारीक खडे आणि रॉकेल घालून दोघं आळीपाळीनं ती घुसळायचे. गंज निघेपर्यंत मनूचे खांदे भरून यायचे, पण ती सोडायची नाही. स्पोक एकेक काढून घासायची. दहा-अकराचा पाना कुठला आणि बारा-तेराचा कुठला, हे तिला न बघता हाताला कळायला लागलं. जे मिळत नव्हतं ते खडेबाजाराच्या बोळातला गुंडू मिस्त्री हुडकून द्यायचा, आणि त्यालाही जे मिळायचं नाही त्याचा भरमा पॅटर्न करायचा आणि फौंड्रीतून ओतून आणायचा. गुंडू म्हणायचा, “भरमाण्णा, पोरीला शिवणकाम शिकवायचं सोडून हे काय शिकवालायस?” मनू त्याला तोंडावर सांगायची, “मामा, शिवण मला येतंय. तुमाला येतंय काय?”

त्या दिवसांत भरमा सुखात होता. फौंड्रीत काम करतानाही त्याचं बोट कॅलेंडरवर फिरायचं, मे किती लांब, दिवाळी किती लांब. मनू गेली की चार दिवस तो गोठ्यात पाय ठेवायचा नाही. तिचा ओढणीचा जुना तुकडा, ज्यानं ती हात पुसायची, तो खुंटीला तसाच ठेवायचा. घर खायला उठायचं. त्याला पोरीची आठवण यायची आणि पोरीच्या आठवणीमागून तिच्या आईचीही यायची, कारण मनूची हनुवटी, चिडल्यावर ओठ मुडपायची तऱ्हा, सगळं रुक्माचं होतं. रुक्माबद्दल मात्र तो चकार शब्द विचारायचा नाही. मनू सांगायची तेवढं ऐकायचा आणि पाना फिरवत राहायचा.

ब्याऐंशीच्या दिवाळीत गाडी झाली. म्हणजे टाकी, चाकं, दिवा, वायरी, सगळं जागच्या जागी बसलं. फक्त किक मारायची बाकी होती. उद्या सकाळी मारू म्हणून मनू आनंदानं झोपली, आणि भरमाच्या मनात पाल चुकचुकली. गाडी झाली की पुढं काय? पोरगी तेरा वर्षांची झाली. या वयाच्या पोरींना कुणी उगाच गावोगाव पाठवत नाही. ती गाडीसाठी येते. गाडी झाली की कशाला येईल? पहाटे उठून त्यानं कार्ब्युरेटर खोलला, त्यातलं पितळेचं जेट काढलं आणि तंबाखूच्या रिकाम्या डबीत घालून कोनाड्यात ठेवलं. तांदळाएवढी वस्तू, पण तिच्याशिवाय इंजिनाला पेट्रोल नीट पोचत नाही.

सकाळी मनूनं किका मारल्या. दहा, वीस, साठ. शेवटी घामानं निथळून ती मटकन खाली बसली. भरमानं कार्ब्युरेटर पुन्हा खोलून बघितल्यासारखं केलं आणि सांगितलं, “जेटच न्हाय गं यात. कुठंतरी पडलं. पुण्यास्नं मागवाय पायजे.” मनूचे डोळे भरले. भरमाला स्वतःची लाज वाटली, तरी डबी त्यानं उघडली नाही. बिचारा गुंडू वर्षभर कोल्हापूर काय आणि हुबळी काय, ते जेट हुडकत फिरला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, फरक इतकाच की कळसा कुठं आहे हे काखवाल्याला ठाऊक होतं.

त्र्याऐंशीच्या मे महिन्यातही जेट मिळालं नाही. मनूनं मग दुसरंच काढलं. गाडीला मागं सीट पाहिजे, रुंद आणि मऊ. भरमा खूश झाला, कामाला आणखी एक सुट्टी लागणार होती.

त्या वर्षीच्या दिवाळीत मनू आली ती जरा गप्पच होती. आज्जी, म्हणजे रुक्माची आई, श्रावणात अर्धांगवायूनं पडली, ती अंथरुणालाच खिळली होती. “आईच सगळं करती,” एवढं सांगून तिनं पिशवीतून एक दोरा काढला. दोऱ्याला दोन गाठी होत्या. “आप्पा, सीटपास्नं एवढ्या खाली पाय ठेवायला फळी करा. दोन्ही बाजूला नगो. डाव्या बाजूलाच. आणि चाकावर लोखंडी गार्ड पायजे, जाळीचं.”

भरमानं दोरा हातात घेतला. मापात त्याला कुणी फसवू शकत नव्हतं. मनू स्टुलावर बसली होती, त्यानं तिच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत दोरा लावला. दोरा चार बोटं जास्त भरला.

“हे तुझं माप न्हाय. कुणाचं हाय?”

मनूनं मान खाली घातली. “आईचं. दुपारी निजली हुती तवा घिटलं.”

“आणि गार्ड?”

“तवंदीच्या घाटात तिचा पदर चाकात गेल्ता न्हवं? तुमी म्हटलासा, घरी गेलो की पयलं गार्ड लावतो. आई सांगती.”

भरमा तिथंच उकिडवा बसला. लग्नानंतर चौथ्या दिवशी तो रुक्माला याच गाडीवरून निपाणीहून आणत होता. तवंदीच्या घाटात पदर चाकात गुंतला आणि निम्मा फाटला. दुसरी एखादी रडली असती, रुक्मा हसत सुटली होती. उरलेला पदर कमरेला खोचून म्हणाली होती, आता माझी अब्रू तुमच्या गाडीच्या चाकात. तेव्हा त्यानं गार्ड लावायचं कबूल केलं होतं. आणि लावलं काय, तर शर्यतीसाठी मागची सीटच उपटून टाकली! गार्डाची आठवणही त्याला राहिली नव्हती.

“कवा सांगती तुझी आई हे?” भरमानं विचारलं.

“दर थंडीत. त्या लुगड्याची वाकळ केलीया तिनं. फाटका पदर मधोमध लावलाय. तीच पांघरती.”

भरमाला रडू आवरेना. बारा जणांच्या देखत पाय मोडला तेव्हा तो रडला नव्हता. तो उठला, लंगडत घरात गेला आणि कोनाड्यातली डबी आणून मनूच्या पुढ्यात उपडी केली. पितळेचं जेट तिच्या तळहातावर पडलं.

मनू त्याच्याकडं बघतच राहिली. “हे तर... गुंडूमामा वरीसभर हुडकालाय की.”

“म्याच काढलं हुतं. गाडी झाली असती तर तू आली नसतीस, मने.”

मनूचे ओठ मुडपले, थेट आईसारखे. “आणि गाडी हुईना म्हणून तुमी निपाणीला येत न्हवतासा! म्या आईला सांगिटलं हुतं, गाडी झाली की आप्पा तीवरनं तुला न्यायला येणार. आदी रागावली, मग काय बोलली न्हाय. गेल्या दिवाळीला आईनं ट्रंक झाडून, लुगडी घालून ठेवली हुती, आप्पा. म्या परत गेल्यावर एकेक बाहेर काढली.”

भरमानं दोन दिवसांत सीट आवळून पक्की केली, फळी बसवली, गार्ड वळवून घेतलं. पाडव्याच्या सकाळी जेट घातलं आणि दुसऱ्याच किकेला गाडीनं निळा धूर सोडला. मनू टाळ्या पिटत नाचली, पण बरोबर यायला तयार होईना. “येताना मागं आई बसणार. मी कुठं बसू? तुमी एकटंच जावा. न्यायला बाप्यानं एकट्यानं यायचं असतंय.”

यमकनमर्डी गेली, संकेश्वर गेलं. ऊन कोवळं होतं आणि दोन्ही बाजूंना उसाला तुरे आले होते. भरमानं गाडी कधी इतकी जपून चालवली नव्हती. वाटेत तो बोलणं जुळवत होता. आधी गाडीबद्दल सांगायचं, की पायाबद्दल, की सरळ चल म्हणायचं? तवंदीच्या घाटात वाक्य जुळलं आणि निपाणीत शिरताना विसरलं.

सत्याप्पाच्या दारात गाडी थांबली. आवाजानं आधी शेजारणी बाहेर आल्या आणि मग रुक्मा आली. हात ओले होते, आईचं अंग पुसत असावी. केस कानापाशी पांढरे झाले होते. भरमाच्या डोळ्यांपुढं सात वर्षं ती काळ्या केसांचीच होती. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही, गाडीकडं बघितलं. भोवतीनं एक फेरी मारली. गार्डापाशी आली आणि थांबली. ओल्या बोटांनी जाळी चाचपली.

“लावलासा म्हणायचं,” ती म्हणाली.

“लई उशीर केला.”

“व्हय. लई केलासा.”

“रुक्मा, न्यायला आलोय.”

रुक्मा पायरीवर बसली. तिचा आवाज चढला नाही. “गेल्या पाडव्याला आला असतासा तर ट्रंकेसकट नेता आलं असतं. म्या सकाळधरनं दारात हुते बघा. आता आई आत पडून हाय. भावाची बायकू वखारीत जाती, हिला कूस बदलाय मी लागती. कशी येऊ सांगा?”

भरमानं तिला जेटाचं सगळं सांगितलं. लपवून ठेवायला आता उरलं तरी काय होतं? ऐकता ऐकता रुक्माच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, आणि ती म्हणाली, “लेकीला धरून ठेवायपायी मला सोडलंसा व्हय?”

हे शब्द भरमाला जन्मभर पुरणार होते. आत म्हातारीनं हाक मारली. रुक्मा आत गेली, आणि बराच वेळ आलीच नाही. जावं की थांबावं, हे त्याला कळेना. मग ती आली ती ताट घेऊन. पाडवा होता. भिंतीपाशी पाट मांडून तिनं त्याला बसवलं, कुंकू लावलं आणि ओवाळलं. सात पाडवे झाले, त्याच्या कपाळाला कुणी बोट लावलं नव्हतं.

ताटात काही घालायला पाहिजे, हे भरमाच्या आता ध्यानात आलं. खिसे चाचपले. मग त्यानं गाडीची चावी काढली आणि ताटात ठेवली.

“तू म्हटली हुतीस, हिला भंगारात घाला. म्या ऐकलं न्हाय. आता तुझ्या हातानं घाल. मी एस्टीनं जातो.”

रुक्मानं चावी उचलली. क्षणभर मुठीत धरली, आणि मग त्याचा हात ओढून त्याच्या तळहातावर ठेवली.

“घ्या ही. गाडी हितं टाकून गेलासा, तर मला न्यायला परत कशावर येशीला?”

येताना मागची सीट रिकामीच होती. घाटात भरमानं दोनदा मागं हात नेऊन बघितला, खुळ्यासारखा. घरापाशी पोचला तेव्हा उन्हं कलली होती. दारात मनू उभी होती. नवं परकर-पोलकं घातलेली, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. आई आली की उंबऱ्याबाहेर तिच्यावरून ओवाळून टाकायला. किती वेळ तशी उभी होती कोण जाणे, तुकडा वाळून कडक झाला होता.

तिनं मागच्या सीटकडं बघितलं. मग बापाच्या कपाळावरच्या कुंकवाकडं बघितलं.

“आज्जीला सोडून कशी यील ती?” भरमा म्हणाला. “म्याच उशीर केला, मने. पण परत या म्हटली.”

मनूनं ओठ मुडपले आणि घट्ट धरून ठेवले. रडली नाही. पुढं होऊन तिनं भाकरीचा तुकडा बापावरूनच ओवाळला आणि लांब फेकला, त्याच्या पायांवर तांब्यातलं पाणी घातलं.

“आता परत कवा? फुडच्या पाडव्याला?”

“न्हाय,” भरमा म्हणाला. “ह्या रयवारी. तुला पोचवाय म्याच येतो. आणि मग दर रयवारी.”

आणि पाय ओढत तो अंगणात उभ्या गाडीपाशी गेला, आणि पेट्रोल किती उरलंय ते बघायला टाकीचं झाकण उघडू लागला.